शून्यावरून मोजायचं नसतं

रायपूरला जाते म्हटल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, "तिकडे काय आहे बघण्यासारखं?"

"पत्र्याला एक भोक आहे," मी म्हटलं. "तेवढं बघून येते."

वहिनींना वाटलं मी थट्टा करतेय. पण खरंच सांगत होते. नाशिकला सातपूरमध्ये माझं आणि नवऱ्याचं एक चिमुकलं वर्कशॉप आहे. जुन्या कारखान्यांतून लोखंडी कपाटासारखे कंट्रोल पॅनल असतात. त्यांच्या दारावर एक काळी डबी बसवलेली असते आणि तिच्या काचेआड सहा पांढरे आकडे असतात. यंत्रातून माल एकदा पुढे गेला की टक् करून आकडा एकाने वाढतो. हा काऊंटर. या डब्या चाळीस-चाळीस वर्षं चालल्या, आता मरायला लागल्यात, आणि बनवणारे केव्हाच दुसऱ्या धंद्याला लागले. नवे काऊंटर बाजारात ढिगाने मिळतात, पण जुन्या भोकात बसत नाहीत. मग कोण तो जाड पत्रा कापत बसणार? आम्ही त्याच भोकात बसेल असा, जुन्याच तारांवर चालणारा, आतून मात्र इलेक्ट्रॉनिक असा काऊंटर करून देतो. सुधीर, म्हणजे माझा नवरा, दिवसभर मान खाली घालून सोल्डरिंग करतो. माणसांशी बोलायचं, वसुलीचं आणि भांडायचं खातं माझ्याकडे.

यावेळी भांडायलाच निघाले होते. रायपूरच्या एका राइस मिलला दसऱ्याच्या सुमारास एक काऊंटर कुरियरने पाठवला होता. तिथल्या इलेक्ट्रिशियनला फोनवरून सांगितलं, लाल तार इकडे, काळी तिकडे, झालं. उंटावरून शेळ्या हाकल्या. तीन महिने सगळं गप्प. आणि जानेवारीत मिलच्या मालकांच्या मुलाचा फोन, "मैडम, आपका काउंटर सही गिनता है कि नहीं, यह आप यहाँ आकर लिखके दीजिए."

माझं डोकंच फिरलं. आमचा काऊंटर चुकत नाही. तिकीट काढलं.

स्टेशन आणि शाल

"स्वेटर नको नेऊस, तिकडे उकडतं," असं सुधीरने छातीठोकपणे सांगितलं होतं. या माणसाचं ऐकायचं नाही असं मी दर दोन वर्षांनी ठरवते आणि विसरते. पहाटे रायपूर स्टेशनवर उतरले तर दात दातावर आपटत होते. बाहेर ई-रिक्षावाले मफलर गुंडाळून उभे. एकाने माझ्याकडे बघून आपणहून सांगितलं, "दीदी, पहले शाल ले लो, फिर लॉज चलेंगे." आणि खरोखरच त्याने वाटेत एका फुटपाथवरल्या बाईपुढे रिक्षा थांबवली. ती अजून गाठोडं सोडत होती. मरून रंगाची, जाड, खरखरीत शाल घेतली. आता हे लिहितानाही तीच अंगावर आहे.

लॉजखाली पोह्यांचा ठेला होता. पोहे आमच्याकडेही होतात म्हणून मी जरा तोऱ्यातच घेतले. तर वरून शेव, कच्चा कांदा, बाजूला गरम जिलबी! पोह्यांबरोबर जिलबी खाणाऱ्यांना मी आजवर नावं ठेवत आले. एक वेढा तोंडात टाकला आणि निमूटपणे दुसरी प्लेट मागितली. तांदळाच्या मुलखात पोह्यांच्या बाबतीत शहाणपणा करू नये.

भनपुरीची मिल

मिल भनपुरीत. लांबूनच कोंड्याचा वास येतो, उबदार, किंचित करपल्यासारखा. आवारात भाताच्या थप्प्या, आणि सगळ्यावर एक पिवळट धुळीचा थर. मालकांचा मुलगा अजून यायचा होता. मी उन्हात उभी राहून फोनवर सुधीरला स्वेटरवरून झापत होते. फोन ठेवला तशी मागून कोणीतरी म्हणालं, "नाशिककडच्या का जी तुम्ही?"

साठीच्या अलीकडचे एक गृहस्थ. खाकी शर्ट, इस्त्री केलेला. पायांत मोजे आणि वर चपला. भिंतीला टेकून एका स्टुलावर बसले होते, हाताला काहीच काम नव्हतं, आणि ते त्यांना जमत नव्हतं हे दिसत होतं.

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"मराठीत नवऱ्याले इतकं बोलनारं मानूस लई दिवसांनी आयकलं," ते म्हणाले आणि हसले. "आमी भंडाऱ्याकडचे. बाबा रेल्वेत होते, तवापासून इथंच. वासुदेव म्हनतात मले. बसा न, चहा सांगतो."

स्टूल मला दिलं, चहा आणवला आणि स्वतः उभे राहिले. नाशिकला थंडी किती, द्राक्षं कशी, ट्रेनमध्ये बर्थ खालचा मिळाला का, सगळं विचारलं. मी कशाला आले ते विचारलं नाही. मला वाटलं भला माणूस आहे, सुखी आहे.

मग मालकांचा मुलगा आला. अंकित नाव, तिशीचा, मऊ बोलणारा. त्याने ऑफिसात नेऊन दार लोटलं आणि सगळी हकीकत सांगितली. मिलमधून तांदळाची पोती पट्ट्यावरून ट्रककडे जातात. पोत्याला इकडे कट्टा म्हणतात. जाताना प्रत्येक कट्टा एका लोखंडी पट्टीला ढकलतो, पट्टी हलली की पॅनलवरचा आकडा एकाने वाढतो. संध्याकाळी हा आकडा आणि ट्रकमधले कट्टे जुळले पाहिजेत. वर्षानुवर्षं जुळत होते. नवा काऊंटर बसल्यापासून जुळेनात. पॅनल सांगतं त्यापेक्षा ट्रकमध्ये रोज दोन कमी, कधी तीन, कधी चार.

"पट्ट्यावर कोण असतं?" मी विचारलं.

"वासुदेव चाचा. इकतीस साल से." त्याने खिडकीतून बाहेर बोट केलं. "वही जो बाहर बैठे हैं."

माझा चहा त्यांनीच तर आणवला होता.

आठ दिवसांपूर्वी अंकितने त्यांना पट्ट्यावरून उठवून आवारात बसवलं आणि दुसरा माणूस लावला. त्या दिवसापासून हिशेब चोख जुळतोय. एका कट्ट्याचाही फरक नाही. "अब आप ही बताइए मैडम, मैं क्या समझूँ?" तो म्हणाला. "पापाजी के जमाने के आदमी हैं. मुझे गोद में खिलाया है. थाने में लिखके देने से पहले सोचा, मशीन एक बार देख लें. मशीन गलत निकली तो सबसे ज़्यादा खुशी मुझे होगी."

हे त्याने मनापासून म्हटलं. पण मला त्यातलं 'मशीन गलत' एवढंच टोचलं. काय सांगू, माणसाला स्वतःच्या वस्तूचा किती अभिमान असतो! एका म्हाताऱ्याची अब्रू समोर टांगलेली, आणि माझ्या डोक्यात, रायपूरच्या मिलवाल्यांत आमच्या काऊंटरचं नाव खराब होईल.

शंभर पोती

दुसऱ्या दिवशी चाचणी. मी पॅनल शून्यावर आणलं आणि पट्ट्यावरून शंभर कट्टे सोडायला सांगितले. मी स्वतः पट्ट्यापाशी उभी राहून मोजले. हमालांनी मोजले. पॅनलची खोली भिंतीपलीकडे आहे, तिथे अंकित उभा. शंभरावा कट्टा गेला आणि मी ओरडले, "कितना?"

"सौ!"

पुन्हा केलं. पुन्हा शंभर. जेवणाच्या सुट्टीनंतर वेग वाढवून केलं. शंभर. मला जिंकल्यासारखं वाटत होतं. हमालांपैकी कोणीच हसत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी मनावर घेतलं नाही.

मी लेटरहेडवर लिहून दिलं: काऊंटर तीनदा तपासला, बिनचूक आहे. खाली सही, शिक्का. अंकितने कागद वाचला, घडी घातली, आणि डोळे चोळले. "तो फिर कल छेरछेरा के बाद थाने जाऊँगा," एवढंच म्हणाला. छेरछेरा म्हणजे इकडचा सण.

बाहेर आले. वासुदेवभाऊ त्याच स्टुलावर. त्यांना कागदाचं कळलं होतं, आवारात अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. मी नजर चुकवून फाटकाकडे निघाले तर ते उठून आले.

"ताई, आज कुठं जेवता?"

"लॉजवर. का?"

"मराठी मानूस आमच्या गावात आलं आन् लॉजवर जेवते? हे काही बरं नाही जी. घरी या. पुरानी बस्तीत कोनालेबी इचारा, महामाया मंदिराच्या मांगं."

"भाऊ," मी म्हटलं, "मी काय लिहून दिलंय ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"हव," ते म्हणाले. "तुमी जे पाह्यलं ते लिहलं. त्यात तुमचा का दोष? जेवाले या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाही म्हणायचं होतं, पण तोंडून "येते" निघालं.

पुरानी बस्तीत

पुरानी बस्तीत गल्ल्या इतक्या अरुंद की दोन स्कूटी समोरासमोर आल्या की एकीला ओट्यावर चढावं लागतं. जागोजाग देवळं. आमच्या पंचवटीसारखं वाटलं, फक्त इथे घंटा कमी आणि गाई जास्त. दिवस मावळायच्या आत मी त्यांच्या दारात पोचले.

दार मुलीने उघडलं. पूजा तिचं नाव, नवा रायपूरला एका कचेरीत नोकरी करते. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत वळून म्हणाली, "मम्मी, वो नासिकवाली आ गई."

"पोट्टे, नीट बोल," आतून आवाज आला. शकुंतलाबाई, वासुदेवभाऊंच्या पत्नी, पदराला हात पुसत बाहेर आल्या. "बसा ताई. काहून उभ्या?"

मी पूजाशी मराठीत बोलायला गेले. तिला सगळं समजत होतं, उत्तर मात्र हिंदीत यायचं, आणि तेही मोजकं. शेवटी तिनेच विषय काढला. "आंटी, एक बात पूछूँ? आपने मशीन से पूछ लिया. पापा से पूछा?"

"पूजा!" वासुदेवभाऊ म्हणाले.

"पूछने दो न पापा. इकतीस साल में इस घर में मिल का एक दाना नहीं आया. हम चावल भी दुकान से लेते हैं." एवढं बोलून ती उठून आत गेली.

मला कोणी गप्प बसवू शकतं हे सुधीरला सांगितलं तर त्याचा विश्वास बसणार नाही. पण पोरीचं खरं होतं. मी वासुदेवभाऊंना एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.

ताटं वाढली. पाटवडीचा झणझणीत रस्सा, तो भंडाऱ्याचा. फरा म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके, तो छत्तीसगढचा. लाल भाजी, आणि भाजलेल्या टोमॅटोची चटणी. दोन्ही मुलूख एका ताटात नांदत होते. मी खूप दिवसांत इतकं चांगलं जेवले नव्हते, आणि मागून घ्यायची हिंमत होत नव्हती.

शकुंतलाबाई जेवायला बसल्या नव्हत्या. कोपऱ्यात भाताची गोणी उघडून त्या एका लाकडी मापाने टोपलीत भात मोजून घालत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "उद्या छेरछेरा नाही का? पौषाची पुनव. पोट्टेपोट्टी दारोदार मांगाले येतात, सगळ्यायले धान द्या लागते. आमचा नाही हा सन, पर आता आमचाच झाला." त्या मापाला काठा म्हणतात. काठा भरला, वरून हाताने सपाट केला, टोपलीत ओतला आणि म्हणाल्या, "राम." दुसरा भरला. "दू." मग तीन, चार.

"एक नाही म्हणत?" मी विचारलं.

"इकडं एकाले राम म्हनतात. पयला देवाचा."

मला एकदम आईची आठवण आली. "आमच्याकडे लाभ म्हणतात," मी म्हटलं. "आई धान्य मोजताना एक कधीच म्हणायची नाही. लाभ, दोन, तीन."

"माही आईबी लाभच म्हने," वासुदेवभाऊ खूश होऊन म्हणाले. "मी इकडचा, मी राम म्हनतो. मिलमधीबी शून्यावरून कधी चालू नाही केलं. शून्यावरून मोजाचं नसते."

"म्हणजे?"

"म्हंजे का, सकाळी पॅनल शून्य केलं का मी पट्ट्यापाशी जातो. तिथली ती लोखंडाची पट्टी हातानं हलकेच दाबतो, राम म्हनतो. मंग पट्टा चालू. मुनीमजीले माहीत आहे न, ते रोज एक वजा करते. मोठ्या शेठजीच्या टायमापासून चालू आहे हे."

माझा घास हातातच राहिला.

"तुमच्या जागी आता जो माणूस आहे, तो हे करतो?"

"नाही जी. तो नवा हाय, त्याले का माहीत. मुनीमजीबी आता वजा नाही करत."

"आणि पट्टी दाबल्यावर पॅनलवर किती आलं ते तुम्ही कधी बघता?"

"काहून पाहू? एकच येते न. पॅनल तर भितीच्या तिकडं हाय."

मी घास ताटात ठेवला. हलकेच! कट्टा येतो तो दाणकन पट्टीला धडकतो, पट्टी एकदाच, धडपणे हलते. पण म्हाताऱ्या हाताने हलकेच, भक्तिभावाने दाबलेली ती जुनी पट्टी आत थरथरत असणार. जुना काऊंटर जड होता, मठ्ठ होता, त्याला ती थरथर कळायचीच नाही, तो एकदा टक् करून मोकळा व्हायचा. माझा काऊंटर हुशार. प्रत्येक थरथर मोजणारा.

आणि म्हणूनच आमच्या काऊंटरच्या कडेला एक बारीकशी खटकी असते. जुन्या यंत्रावर लावायचा असेल तर ती 'मंद'वर सरकवायची, म्हणजे थरथर मोजली जात नाही. वर्कशॉपमधून निघताना ती 'जलद'वर असते. मी फोनवर लाल तार सांगितली, काळी तार सांगितली. खटकीचं सांगितलंच नाही.

"भाऊ," मी म्हटलं, "उद्या सकाळी माझ्याबरोबर मिलवर चला."

पूजा दारात येऊन उभी होती. "क्यों? फिर से बेइज्ज़ती कराने?"

"नाही गं," मी म्हटलं. "झाली तर माझी होईल. तूही चल."

छेरछेराची सकाळ

माझी गाडी सकाळची होती. ती सोडली. गल्लोगल्ली पोरांच्या टोळ्या पिशव्या घेऊन "छेरछेरा" ओरडत फिरत होत्या, आणि दारादारांतून ओंजळीने भात पिशव्यांत पडत होता. त्यातून वाट काढत पूजाने आम्हाला मिलवर नेलं, मी तिच्या स्कूटीवर आणि वासुदेवभाऊ मागून सायकलवर. वाटभर ती एक शब्द बोलली नाही, पण खड्डा आला की स्कूटी हळू करत होती.

अंकितने आम्हाला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं हातापाया पडायला आलेत. मी म्हटलं, "पंद्रह मिनट दो. काम रोको, सबको बुलाओ." हमाल आले, मुनीमजी आले, नवा माणूस आला. पॅनलच्या खोलीचं दार मी सताड उघडलं. अंकित, मुनीमजी आणि पूजा माझ्याबरोबर पॅनलसमोर, बाकीचे दाराशी. आकडा शून्यावर आणला.

"भाऊ, रोज करता तसं करा."

वासुदेवभाऊ घुटमळले. इतक्या लोकांसमोर करायची ती गोष्ट नव्हती. मग चपला काढल्या, पट्ट्यापाशी गेले. आम्हाला भिंतीपलीकडून फक्त आवाज आला.

"राम."

पॅनलवर आकडा आला, चार.

मी पुन्हा शून्य केलं. "भाऊ, परत!" राम. तीन. परत. राम. पाच. मग मी एक कट्टा सोडायला लावला. एक.

मुनीमजींनी कपाळावर हात मारला. "अरे राम राम! मैं तो रोज एक ही घटाता था!" चार आले, एक वजा केला, तीन कट्टे चोरीला गेले. पाच आले, चार गेले. आणि वासुदेवभाऊंना उठवलं की 'राम' बंद, चोरीही बंद. मिलमधल्या सगळ्या जुन्या माणसांना राम माहीत होता. तो हिशेबात धरलेलाच आहे म्हणून कोणी त्याचा विचार केला नाही, आणि परक्या बाईला सांगायचं तर कोणाच्या मनातही आलं नाही.

मी पॅनल उघडलं आणि अंकितला ती खटकी दाखवली. नखाएवढी. "यह इधर होनी चाहिए थी. फोन पर बताना मेरा काम था. मैं भूल गई. काउंटर भी मेरा, भूल भी मेरी. और कल जो कागज़ दिया, वह भी मेरा." कालचा कागद मागितला आणि सगळ्यांसमोर फाडला. नवा कागद लिहिला. त्यात चूक माझी असं स्पष्ट लिहिलं, आणि अंकितला म्हटलं, हा ऑफिसात ठेवायचा नाही, फाटकावर लावायचा.

अंकित दाराशी आलेल्या वासुदेवभाऊंपुढे जाऊन उभा राहिला. "चाचा," तो म्हणाला, "आपने बताया क्यों नहीं? महीनों से मैं पूछ रहा हूँ, और आपने एक बार नहीं कहा कि हाथ से दबाता हूँ."

"आपने पूछा, बोरा किसने लिया," वासुदेवभाऊ म्हणाले. "राम का किसने पूछा?" मग म्हणाले, "तुम्हारे पापा पूछते तो भी बुरा लगता बेटा. पर उनके सामने मैं रो लेता."

अंकितने त्यांचे दोन्ही हात धरले आणि खाली मान घालून उभा राहिला. मी पाठ फिरवून खटकी सरकवायला लागले. ती मघाशी दाखवतानाच सरकवून झाली होती. पूजा माझ्या शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "ताई, थँक्यू." मराठीतलं पहिलं 'ताई'.

"थँक्यू कसलं गं," मी म्हटलं. "मीच तर घातला होता हा घोळ."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तरीपन."

मी आकडा शून्यावर आणला. आता पट्टा सुरू करायचा होता. नव्या माणसाने आपणहून जागा सोडली. वासुदेवभाऊ पट्टीपाशी गेले, मागोमाग मी गेले. त्यांनी हात पुढे केला, आणि मागे घेतला. माझ्याकडे वळून म्हणाले, "आज तुमी दाबा."

"मी? अहो, मला कुठे येतं."

"त्यात का येनं लागते? हलकेच दाबा."

मी चपला काढल्या. जमीन गार होती, पायाला कोंडा लागला. पट्टी गुळगुळीत झालेली, एकतीस वर्षांच्या बोटांनी झिजलेली. मी दाबली. राम म्हणायचं ठरवलं होतं, पण तोंडातून आईचाच शब्द आला.

"लाभ."

भिंतीपलीकडून अंकित ओरडला, "एक! एक ही आया, चाचा!" हमाल हसायला लागले, कोणीतरी शिट्टी वाजवली. फाटकाबाहेर पोरांची टोळी आली होती, मुनीमजी त्यांना भात द्यायला धावले.

वासुदेवभाऊंनी डोळे पुसले, पट्ट्याचं बटण दाबलं. पहिला कट्टा डुलत डुलत आला, दाणकन पट्टीला धडकला आणि पुढे गेला.

"दू," ते म्हणाले.